आधी अंदाज, मग आकडेमोड

ज्या खोलीत बसून तुम्ही हे वाचताय, तिच्या स्लॅबचं वजन किती असेल? खोली तीन मीटर बाय चार मीटरची आणि स्लॅब पाच इंची, म्हणजे १२५ मिलिमीटर जाडीचा धरू. सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गात पहिल्या तासाला मी हा प्रश्न विचारतो. कुणी दोनशे किलो म्हणतं, कुणी पन्नास टन. खरं तर हिशेब तोंडी होण्यासारखा आहे. बारा चौरस मीटर गुणिले सव्वाशे मिलिमीटर, म्हणजे दीड घनमीटर काँक्रीट. सळईसकट काँक्रीट घनमीटरला अडीच टन भरतं. म्हणून पावणेचार टन. डोक्यावर एक वाढलेला हत्ती उभा आहे आणि आपण खाली निवांत चहा पितोय.

हे गणित येत नाही असा विद्यार्थी वर्गात नसतो. पण उत्तर दोनशे किलो असू शकत नाही, हे आतून जाणवणारे फार थोडे असतात. सिव्हिलची चार वर्षं कशी घालवावीत असं मला कुणी विचारलं, तर माझा सगळा भर या एका गोष्टीवर असतो: आकड्याचा अंदाज कमवा. गवंड्याला तो कामातून येतो, पण त्यामागचं कारण त्याला कुणी शिकवलेलं नसतं. पदवीधराला कारण पाठ असतं आणि अंदाज नसतो. तुम्हाला दोन्ही मिळवायची संधी आहे आणि त्यासाठी वेगळा क्लास लावावा लागत नाही.

प्रवेशापासून सुरुवात करू. ‘कॉम्प्युटर नाही मिळालं, सिव्हिल मिळालं’ हे वाक्य दरवर्षी पडलेल्या आवाजात ऐकू येतं. नाइलाजाने आली, पण मन घालून शिकल्यावर ज्यांना ही शाखा सोडावीशी वाटली नाही, अशी कितीतरी मुलं मी पाहिली आहेत. त्यामुळे त्या आवाजाने खचू नका. एमएचटी-सीईटीचे गुण आले की कॅप राउंडसाठी कॉलेजांची यादी कट-ऑफच्या क्रमाने लावली जाते. पुण्याचं १८५४ पासूनचं सीओईपी, मुंबईचं १८८७चं व्हीजेटीआय, सांगलीचं १९४७चं वालचंद, नागपूरचं व्हीएनआयटी यांच्याबद्दल मी वेगळं काय सांगणार? पण ती मिळाली नाहीत, तर पर्याय भरण्याआधी एक दिवस काढून कॉलेज बघून या. इमारत आणि कँटीन बघू नका, मटेरियल टेस्टिंगची लॅब बघा. क्यूरिंगच्या टाकीत या महिन्यात भरलेले क्यूब बुडालेले आहेत का, की टाकी कोरडी आहे? सळई ताणून तोडायच्या यंत्रावर धूळ आहे का? टोटल स्टेशन किती आहेत आणि मुलांच्या हातात येतात का? तिसऱ्या वर्षाच्या दोन मुलांना बाजूला घेऊन विचारा, ‘सर्व्हे कॅम्प खरंच झाला का रे, की शीट मागच्या बॅचच्या उतरवल्या?’ या उत्तरांतून कॉलेज जितकं कळतं, तितकं माहितीपत्रकातून कळत नाही.

डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्यांसाठी दोन शब्द. तुमचा हात कामावर बसलेला असतो, पण गणिताचा तिसरा पेपर बहुतेकांना जड जातो. बारावीहून आलेल्यांचं नेमकं उलट असतं. एकाच बाकावर बसा. बारावीवाल्याला डम्पी लेव्हल लावायला शिकवा आणि त्याच्याकडून डिफरन्शियल इक्वेशन शिकून घ्या.

पहिल्या वर्षात सिव्हिलचं म्हणावं असं फारसं नसतं, मात्र इंजिनीअरिंग मेकॅनिक्सकडे दुर्लक्ष करू नका. फ्री बॉडी डायग्राम ज्याला नीट काढता येतो, त्याचा पुढचा निम्मा रस्ता सोपा होतो. त्यानंतर दुसऱ्या वर्षात स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स येतं, ज्याला मुलं एसओएम म्हणतात, आणि सगळ्यात जास्त केट्या (नापास होऊन मागे राहणारे विषय) इथेच लागतात. हा विषय पाठ करून सुटत नाही. का सुटत नाही, हे मला ज्या दिवशी कळलं तो दिवस सांगतो.

तिसऱ्या वर्षाच्या सुट्टीत मी एका साइटवर जात होतो. आदल्या संध्याकाळी बाल्कनीच्या सळया मी ड्रॉइंगशी ताडून पाहिल्या होत्या. १० मिलिमीटरच्या, १५० च्या अंतराने, वरच्या बाजूला, खाली चेअर, म्हणजे सळई वर धरणारे टेकू, लावलेल्या. सगळं बरोबर होतं. सकाळी स्लॅब भरायला घेतला आणि घमेली घेतलेली माणसं त्याच सळयांवरून ये-जा करू लागली. साइटवर एक वयस्कर बारबेंडर होते, सगळे त्यांना मामा म्हणत. ते माझ्यापाशी आले. ‘साहेब, चेअर वाकल्या. सळई खाली बसली. थांबवा माल.’ विशीतल्या पोराला साहेब म्हणायची साइटची रीत. मी गोंधळून इंजिनीअर कुठे आहेत ते बघू लागलो. मामा थांबले नाहीत. त्यांनी व्हायब्रेटरवाल्याला हात केला, माल थांबवला, दोन पोरं घेऊन सळई उचलली आणि खाली नव्या चेअर दिल्या.

मी टेप लावून पाहिलं होतं. सळई ४० मिलिमीटर खाली गेली होती. आता हिशेब बघा. बाल्कनी भिंतीतून बाहेर आलेली, तिला पुढे टेकू नाही. ती खाली झुकायला बघते तेव्हा तिची वरची बाजू ताणली जाते. काँक्रीट दाबाला भक्कम, पण ताणाला कच्चं. म्हणून ताण घ्यायला सळई वर हवी. १२५ मिलिमीटरच्या स्लॅबमध्ये सळईवरचं २० चं काँक्रीटचं कव्हर आणि सळईची अर्धी जाडी वजा केली, तर सळईच्या मध्यापासून खालच्या कडेपर्यंत १०० मिलिमीटर मिळतात, आणि बाल्कनीची सगळी ताकद त्या अंतरावर उभी असते. ४० ने सळई खाली बसली की उरतात ६०, आणि ताकद चाळीस टक्क्यांहून अधिक घटते. सळई तेवढीच, सिमेंट तेवढंच, खर्च तेवढाच. बिलात काही दिसणार नाही आणि प्लॅस्टर झाल्यावर डोळ्यालाही दिसणार नाही.

कँटिलिव्हरचा बेंडिंग मोमेंट डायग्राम मी तोवर वहीत कितीतरी वेळा काढला होता. मामांनी एकदाही काढला नव्हता. तरी सळई खाली बसण्याचा अर्थ त्यांना आधी लागला. त्या दिवसापासून मी एक सवय लावून घेतली आणि ती तुम्हालाही सांगतो. एसओएमच्या वहीत बेंडिंग मोमेंटचा डायग्राम काढलात की तिथेच थांबू नका. शेजारी बीमचं चित्र काढा, ताणली जाणारी बाजू लाल पेन्सिलने रंगवा आणि तिथे सळईची रेघ मारा. आरसीसी डिझाइन तिसऱ्या वर्षी असलं तरी चालेल, रेघ दुसऱ्या वर्षीच मारा. सहा महिन्यांत बीमकडे बघितल्यावर सळई कुठे असणार ते आपोआप दिसू लागतं.

सर्व्हेइंगला मुलं ‘उन्हातला विषय’ म्हणून नाकं मुरडतात, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान तिथेच होतं. लेव्हलिंगचा तक्ता घ्या. सगळ्या बॅकसाइटची बेरीज वजा सगळ्या फोरसाइटची बेरीज ही शेवटचा आर.एल., म्हणजे रिड्यूस्ड लेव्हल, वजा पहिला आर.एल. एवढी आली पाहिजे. ती आली की मुलं खूश होतात. पण हा ताळा फक्त बेरीज-वजाबाकी तपासतो. स्टाफवर १.३५५ ऐवजी १.५५३ वाचलं असेल, तरी ताळा जुळतोच. वाचनातली चूक पकडायची, तर जिथून निघालात त्याच बेंचमार्कवर परत यावं लागतं आणि पहिला आर.एल. पुन्हा मिळतो का ते बघावं लागतं. परत यायला अर्धा तास लागतो, ऊन असतं, डबा खायची वेळ झालेली असते. मग सावलीत बसून आकडे ‘बसवले’ जातात. कृपा करून असं करू नका. पुढे तुमच्या आर.एल.वर गटारीचा उतार ठरणार असतो आणि पाणी बसवलेल्या आकड्यांचं ऐकत नाही. फील्ड बुकात खोडरबर वापरायचा नाही, हा नियमही त्यासाठीच आहे. चुकलेला आकडा एका रेघेने कापा, वर बरोबर लिहा, खालचा वाचता आला पाहिजे.

कॅम्पला जाल तेव्हा आणखी एक करा. टेपने १०० मीटर आखून त्यावरून नेहमीच्या चालीने तीन वेळा चाला आणि पावलं मोजा. तुमचं पाऊल किती सेंटिमीटरचं आहे, ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. आपली वीत, हात पसरल्यावरची वाव, खांद्याची उंची ही मापंही तिथेच लिहा. हे अवजार घरी विसरत नाही. इमारतीची आखणी होताना गवंडी कोपऱ्यात ३ फूट, ४ फूट मोजून तिरकं ५ भरतंय का बघतो. आपल्या शाळेतला पायथागोरस तिथे सुतळी धरून उभा असतो. ती आखणी एकदा तरी स्वतः धरून बघा.

काँक्रीटच्या लॅबमध्ये १५० मिलिमीटरचा क्यूब यंत्रात फुटताना सगळे बघतात, डायलवरचा आकडा लिहितात आणि जर्नल पुरं करतात. तो आकडा जरा हातात घेऊन बघा. एम २० चा क्यूब २८ दिवसांनी चौरस मिलिमीटरला २० न्यूटन घेतो म्हणजे ४५० किलोन्यूटन, साधारण ४५ टन. वितीपेक्षा लहान ठोकळ्यावर बारा हत्ती. सात दिवसांचा क्यूब याच्या दोन तृतीयांशाच्या आसपास फुटतो. आता बाईंना किंवा सरांना विचारून एक प्रयोग जास्तीचा करा. ५० किलोच्या गोणीला २५ लिटर पाणी या प्रमाणात एक मिश्रण आणि ३० लिटरच्या प्रमाणात दुसरं, बाकी सगळं तेच. दोन्हीचा स्लंप घ्या, दोन्हीचे क्यूब भरा आणि २८ व्या दिवशी फोडा. ‘माल फिरत नाही, पाणी वाढवा’ हे साइटवर रोज ऐकावं लागणारं वाक्य आहे. आपण स्वतः फोडलेल्या दोन क्यूबमधला फरक ज्याला आठवतो, त्यालाच तिथे ‘नाही’ म्हणायचा धीर येतो.

जमिनीचे विषय, म्हणजे जिऑलॉजी आणि सॉइल मेकॅनिक्स, मुलं पास होण्यापुरते करतात. वास्तविक महाराष्ट्रात शिकणाऱ्याला याच्याइतका जिवंत विषय नाही. विदर्भ-मराठवाड्यातली काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि पावसात फुगते. तिच्यावर उथळ पाया घेतला की भिंतींना तिरके तडे जातात. गावाकडचं घर असेल तर या सुट्टीत त्या तड्यांचे फोटो काढा, त्यांची रुंदी उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात मोजा. कोकणात जांभा, देशावर काळा पाषाण. १९९८ मध्ये पूर्ण सुरू झालेल्या कोकण रेल्वेवर सह्याद्रीचा कठीण पाषाण फोडणं जमून गेलं, पण गोव्यातल्या पेडण्याच्या जेमतेम दीड किलोमीटरच्या बोगद्याने मऊ, भिजलेल्या मातीमुळे वर्षानुवर्षं दमवलं. मातीचा नमुना कुठून आणि किती खोलीवरून घेतला, याला किती महत्त्व आहे ते त्या एका बोगद्यावरून कळावं.

भूकंपाचंही तसंच. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला हादरा बसला तेव्हा १०३ मीटर उंचीच्या धरणाला तडे गेले ते वरच्या भागात, जिथे मागच्या बाजूचा उतार एकदम बदलतो तिथे. आकार अचानक बदलला की ताण तिथे गोळा होतो, हे एसओएमच्या पुस्तकातलं वाक्य धरणावर लिहिलं गेलं. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत माणसं गेली ती दगड-मातीच्या जाड भिंती आणि डोक्यावरच्या जड माळवदाखाली. पहिला प्रश्न आठवा, डोक्यावरच्या वजनाचा. भूकंपात इमारतीवर येणारं बल तिच्या वजनाच्या प्रमाणात वाढतं. ज्याला छताचं वजन सांगता येतं, त्याला किल्लारी समजायला वेळ लागत नाही.

आरसीसी डिझाइन शिकताना गाइड बाजूला ठेवा आणि आयएस ४५६ उघडा. भारतीय मानक ब्युरोच्या संकेतस्थळावर नोंदणी करून ही मानकं विनामूल्य उतरवून घेता येतात. सूत्रांच्या पानांआधी कामाची पानं वाचा. क्यूरिंग किती दिवस, कव्हर किती, टेकू कधी काढायचे: साध्या सिमेंटला साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू किमान ७ दिवस, त्याहून मोठ्या स्लॅबचे १४. बीमचे ६ मीटरपर्यंत १४ आणि त्यापुढे २१. प्लायवूड अडकून पडतं म्हणून ठेकेदार घाई करतो, तेव्हा तुमच्या हातात हे पान हवं.

ऑटोकॅड दुसऱ्या वर्षात शिकून टाका, त्याला पर्याय नाही. इटॅब्स किंवा स्टाड मात्र हाताने एक छोटी इमारत पूर्ण सोडवल्याशिवाय उघडू नका. साध्या टेकूवरचा चार मीटरचा बीम, मीटरला २० किलोन्यूटन भार: डब्ल्यू एल वर्ग भागिले आठ, म्हणजे ४० किलोन्यूटन-मीटर. पडद्यावर ४०० आलं तर कुठेतरी एकक चुकलंय. संगणक ते सांगणार नाही, तो त्या ४०० वर छान रंगीत चित्रही काढून देईल.

एस्टिमेटिंगचा पेपर सोपा मानतात, पण नोकरीच्या पहिल्या दिवसापासून हाच उपयोगी पडतो. वाळू-खडी ब्रासमध्ये येते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. सळईचं वजन काढायला व्यासाचा वर्ग भागिले १६२, उत्तर मीटरला किलोत. १२ मिलिमीटरची १२ मीटरची पूर्ण सळई १०.७ किलो भरते. एम २० च्या एका घनमीटरला साधारण आठ गोण्या सिमेंट लागतं. मोजमाप पुस्तिका कशी लिहितात, जिल्हा दरसूचीतून दर कसा काढतात, बार बेंडिंग शेड्यूल कसं करतात, हे सुट्टीतल्या ट्रेनिंगमध्ये हट्टाने शिकून घ्या. ट्रेनिंगचं प्रमाणपत्र ओळखीने मिळतं, हे मला माहीत आहे. ते घेऊन घरी बसलात तर मामांची भेट व्हायची राहून जाईल. साइटवर डोक्याला हेल्मेट आणि पायात जाड तळाचा बूट, चप्पल नाही. खणलेल्या चराच्या कडेवर उभं राहायचं नाही.

मुलींना आणि त्यांच्या घरच्यांना एक गोष्ट मुद्दाम सांगतो. ‘साइट मुलींसाठी नाही’ असं कुणी म्हटलं तर साइटवर काय नाही ते विचारा. बहुतेक वेळा स्वच्छतागृह नसतं. कायद्याने ते देणं मालकाचं कर्तव्य आहे. ट्रेनिंगला होकार देण्याआधी हा प्रश्न सरळ विचारा, त्यात संकोच नको.

गेट, यूपीएससीची अभियांत्रिकी सेवा, एमपीएससी, कनिष्ठ अभियंत्याच्या जागा: या सगळ्यांचा तांत्रिक अभ्यासक्रम तुमच्या चार वर्षांचाच आहे. तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस जुने पेपर सोडवायला घेतले तरी पुरतं. गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो. दुसऱ्या वर्षापासून कोचिंगमध्ये अडकून लॅब आणि कॅम्प बुडवणं मला मुळीच पटत नाही. खाजगी क्षेत्रात सुरुवातीचा पगार बेताचा आणि दिवस लांब, हे आधीच समजून या. पहिली दोन वर्षं साइट पत्करायची की डिझाइन ऑफिस, असा पेच पडला तर मी साइट सांगेन.

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट विकत घेऊ नका, आणि मोठ्या नावाचाही घेऊ नका. सायकलने किंवा एसटीने जाता येईल अशी एखादी गोष्ट घ्या जी स्वतः मोजता येईल. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडच्या मुलांना मी नेहमी वाडीवरचा साकव, म्हणजे पाण्यावरचा छोटा पादचारी पूल, सुचवतो. गाळा मोजा, लोखंडी तुळयांची जाडी गंजलेल्या आणि न गंजलेल्या ठिकाणी व्हर्निअरने घ्या. सकाळी शाळेच्या वेळेला एकदम किती मुलं पार होतात ते दोन दिवस उभं राहून मोजा, आणि मग भार काढून बेंडिंग मोमेंट तपासा. पलीकडच्या बाजूला लेव्हल लावा. जुलै २०२१ च्या पुरात पाणी कुठवर आलं होतं, ते नदीकाठच्या घरातल्या आजींना विचारा. त्या ओसरीच्या खांबावर हात ठेवून दाखवतील. स्टाफ तिथे धरा आणि आर.एल. लिहून घ्या.